सरकलेले चौकोन

माणसं आपलं आयुष्य कशानेही मोजतात. कुणी म्हणतं, लग्नाआधी. कुणी म्हणतं, जुन्या घरात होतो तेव्हा. कुणी म्हणतं, धाकटीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. खटखटताई मात्र कॉम्प्युटरच्या आवृत्त्यांनी मोजायच्या. उघड बोलायच्या नाहीत, बोलल्या असत्या तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण मनातला हिशेब तोच. काळ्या पडद्याच्या वेळी लग्न झालं. करड्या चौकोनांच्या वेळी स्वतःचं घर झालं. टेकडीवालीच्या वेळी डोळे गेले. हे शेवटचं वाक्य त्या मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात म्हणायच्या.

हॉस्पिटलच्या औषधखोलीत त्या लेबलं छापायच्या. खोलीला एकच उंच खिडकी, भिंतभर बाटल्यांची कपाटं, मधोमध लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला बाटलीकाका औषधं मोजून बाटल्यांत ओतायचे, दुसऱ्या टोकाला ताई, त्यांचा कॉम्प्युटर आणि लेबलं ओकणारं लहानसं यंत्र. कीबोर्डकडे न बघता त्यांची बोटं अशी धावायची की तो आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत जायचा. खटखटताई हे नाव त्या रांगेनेच ठेवलं, आणि पुढे पगाराच्या दिवशी साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागले.

सुरुवातीला काळा पडदा होता. त्यावर पांढरी अक्षरं, माउस नाही, चित्र नाही. टाइप करा, एंटर मारा, लेबल घ्या. ताई त्या पडद्यावर तरुण होत्या आणि कुणाला भीत नव्हत्या. मग करडे चौकोन आले आणि माउस आला. पहिल्या दिवशी तो माउस टेबलावरून पळून बाटलीकाकांच्या मांडीवर पडला, आणि दोघं हसून हसून बेजार झाले. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना एक खोड असते, चाललंय ते चालू द्यायचं नाही. माणसाचा हात कुठे बसतोय न बसतोय तोच नवी आवृत्ती. पण तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. नवीन आलं की शिकायचं, एवढंच.

मग टेकडीवाली आवृत्ती आली. कॉम्प्युटर सुरू केला की मागे हिरवीगार टेकडी आणि निळ्या आभाळात पांढरे ढग. सगळं हॉस्पिटल ते चित्र बघायला लोटलं. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "काय गं सुंदर ढग!" ताईंनी ढग बघितले, तर टेकडी दिसेना. टेकडी बघितली, तर ढग गेले. त्यांनी मान वर-खाली केली, खुर्ची मागे ओढली. मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावून सांगितलं, पडदा बिघडलाय, अर्धंच दाखवतोय. तो वाकून बघून म्हणाला, "ताई, सगळं तर दिसतंय की." ताईंनी त्याला घाईघाईने परत पाठवलं आणि पुन्हा कुणाजवळ तो विषय काढला नाही.

कारण त्यांना त्यांचा मामा माहीत होता. मामा शिंपी होता. त्याला आधी ताटाएवढं दिसायचं, मग बशीएवढं, मग बांगडीएवढं, आणि शेवटी सुईचं नेढंही दिसेना. तेव्हा घरच्यांनी त्याला स्वयंपाकघराच्या दारापाशी एका खुर्चीत बसवलं आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग घड्या घालायला समोर ठेवला. घरचे प्रेमळ होते, कुणी वाकडं बोलायचं नाही. फक्त मामा समोर बसलेला असताना एकमेकांना विचारायचे, "त्यांना चहा दिला का?" पोराबाळांच्या अंगावर खेकसणारा तो माणूस त्या खुर्चीत बसल्या बसल्या गप्प होत गेला. आई म्हणायची, आपल्याकडे हे पुरुषांनाच होतं. ताईंनी ते खरं मानलं होतं. टेकडी आणि ढग यांच्यामध्ये त्यांना ती खुर्ची दिसली.

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे गेल्या, पत्ता खोटा सांगितला. डॉक्टर भला होता. म्हणाला, हळूहळू आकसत जाईल, याला औषध नाही, पण कामाच्या जागी सांगून ठेवा. ताईंनी सगळं ऐकलं, शेवटचं तेवढं ऐकलं नाही. घरी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. त्या दाराला, स्टुलाला, मोरीच्या कठड्याला धडकायला लागल्या, तेव्हा तो चिडवायचा, "तू चालतेस की गाडी चालवतेस?" ताई हसायच्या आणि मोरीत जाऊन गुडघा चोळत बसायच्या.

तिथून पुढे त्यांचं खरं काम सुरू झालं, ते म्हणजे दिसतंय असं दाखवायचं. पडदा त्यांनी पाठ केला. डाव्या कोपऱ्यात खाली माउस नेऊन टेकवायचा, तिथून बोटभर उजवीकडे मुलांच्या वॉर्डचा प्रोग्राम, आणखी बोटभर मोठ्यांचा. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ; वरच्या कोपऱ्यात वॉर्डचं नाव लिहिलेलं तेवढा फरक, आणि त्या कोपऱ्यापर्यंत ताईंची नजर जात नव्हती. बेडचा नंबर आणि औषध टाकलं की पेशंटचं नाव आणि डोस प्रोग्राम स्वतःच भरायचा, मोठ्यांना मोठ्यांचा, मुलांना मुलांचा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणं जमेना, तेव्हा त्यांनी पुकारा काढला. बाटलीकाकांनी चिठ्ठी मोठ्याने वाचायची, ताईंनी तेच परत मोठ्याने म्हणायचं आणि मग टाइप करायचं. "दोन तोंडांतून गेलं की चूक होत नाही, काका," असं त्यांनी गळी उतरवलं. साहेबांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या मजल्यांवर लागू केली आणि सभेत ताईंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबेपर्यंत ताईंनी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, लाजल्या.

टेकडी गेली, काचेसारखी आवृत्ती आली. खिडक्यांच्या कडा आरपार दिसणाऱ्या. ज्याला कडा आधीच दिसत नाहीत त्याने काय करायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. ताई त्या दिवसांत लवकर यायच्या आणि रिकाम्या खोलीत माउस धरून पडदाभर चालायच्या. कुठे काय सरकलंय ते बोटांना शिकवायच्या. दर नव्या आवृत्तीला हीच परीक्षा, आणि नापास झालं तर ती खुर्ची.

मग फरशांची आवृत्ती आली, आणि खरं सांगायचं तर ताईंच्या आयुष्यातले तेवढेच सुखाचे दिवस. पडद्यावर नुसत्या रंगीत फरशा, आणि कोपऱ्यातलं नेहमीचं बटण गायब! सगळ्या हॉस्पिटलची दाणादाण उडाली. मोठे डॉक्टर जिन्यात उभे राहून ओरडत होते, "अरे, हे बंद कसं करायचं ते तरी सांगा कुणी!" हिशेबनिसांनी सरळ वायर उपटली. सगळं हॉस्पिटल आंधळी कोशिंबीर खेळत होतं, आणि त्या खेळाचा सराव एकट्या ताईंना होता. लोक त्यांना विचारायला येऊ लागले. ताई ऐटीत सांगायच्या, "घाबरायचं नाही. कोपऱ्यात जायचं आणि तिथून मोजायचं." लोकांनी तक्रारी करून करून ते बटण परत आणवलं, तेव्हा ताईंना मनापासून वाईट वाटलं.

पुढची आवृत्ती मात्र वैरीण निघाली. आधी निदान सूचना यायची, तारीख ठरायची, कॉम्प्युटरवाला पेटी घेऊन यायचा. ही बया न विचारता आपल्या आपण बदलायची. संध्याकाळी ठेवलेली गोष्ट सकाळी जागेवर असेलच याची खात्री नाही. ताई रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहायच्या. बाटलीकाकांना वाटायचं, देवाचं नाव घेतात. ताई मनात कालच्या जागा मोजत असायच्या. त्यांना दिसायची ती बांगडी आता नाण्याएवढी झाली होती, आणि त्या नाण्यातही धूळ बसली होती.

आणि शेवटी आली ती मधली. खालची पट्टी या आवृत्तीने कोपऱ्यातून उचलली आणि पडद्याच्या मधोमध आणून ठेवली. ताईंनी कॉम्प्युटरवाल्याला गयावया केली, "डावीकडे करून द्या हो, हाताला सवय आहे." तो म्हणाला, "वरून सांगितलंय ताई, सगळीकडे सारखं ठेवायचं. बघता बघता सवय होईल." बघता बघता, म्हणे! ताईंनी मधूनही मोजायला शिकून घेतलं. माउस आधी खाली टेकवायचा, मग ढोबळ मध्य, मधल्या रेघेच्या जरा डावीकडे मुलांचा, जरा उजवीकडे मोठ्यांचा. पण कोपरा म्हणजे भिंत असते, हाताला लागते. मध्याला भिंत नसते. एक गोष्ट मात्र त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि त्यांना दिसणं शक्य नव्हतं. या पट्टीत काहीही नवीन उघडलं की बाकीचे सगळे चौकोन जरासे बाजूला सरकून त्याला जागा देतात.

त्या दिवशी सकाळी गर्दी नव्हती. बाटलीकाकांनी मोठ्यांच्या बऱ्याच चिठ्ठ्या पुकारल्या आणि मग म्हणाले, "आता मुलांचा वॉर्ड. बेड सात. फिटचं सिरप."

"मुलांचा वॉर्ड, बेड सात, फिटचं सिरप," ताई म्हणाल्या, माउस सरकवला, खटखट केलं. लेबल बाहेर आलं. काकांनी औषधाचं नाव बरोबर आहे एवढं बघितलं आणि बाटलीवर चिकटवलं. खटखटताईंचं लेबल म्हटल्यावर पुढचं कोण वाचतो! मुलांच्या वॉर्डची त्या दिवशी तेवढी एकच चिठ्ठी होती.

दुपारी काका जेवायला गेले होते आणि ताई डबा धुऊन परत बसल्या होत्या. कॉम्प्युटरवाला सहज डोकावला. "हे काय ताई, ही सूचना सकाळपासून उघडीच? 'तुमची नवी आवृत्ती तयार आहे' म्हणून आपली आपण येते. बंद करायची हो. बघा, बिचारे तुमचे सगळे चौकोन सरकून बसलेत." त्याने टिचकी मारली, हसला आणि निघून गेला.

ताई हसल्या नाहीत. सरकून बसलेत. म्हणजे जिथे मुलांचा होता तिथे... मोठ्यांची लेबलं उजवीकडची, ती सरकूनही मोठ्यांवरच पडली असणार, कारण पट्टी अर्धा चौकोन डावीकडे सरकली, मोठ्यांचा चौकोन बरोबर मध्यावर आला, आणि त्यांचा हात मध्याला चिकटून होता. पण मुलांचा? सकाळी मुलांचा म्हणून जिथे टिचकी मारली तिथे कोण होतं? फिटचं सिरप. मोठ्यांना दोन चमचे. मुलांना थेंब मोजून.

छापलेल्या लेबलांची यादी पडद्यावर निघत होती, पण ती वाचायची कुणी? काकांची वाट बघितली तर काका म्हणणार, ताई, तुम्हीच बघा की. त्या उठल्या. कुणाला न सांगता वॉर्डमध्ये जायचं, लेबल बघायचं, चुकलं असेल तर बाटली बदलून आणायची. बस. ताकास तूर लागायला नको. असं स्वतःला समजावत त्या जिना चढल्या, एक हात कठड्यावर, एक भिंतीवर. त्यांची भीती तेव्हाही स्वतःसाठीच होती.

मुलांच्या वॉर्डात पडदे ओढलेले होते. ताईंना अंधुक उजेडात जवळपास काहीच दिसत नसे. त्या पलंगांचे लोखंडी पाय चाचपत गेल्या, प्रत्येक पायाला बांधलेल्या पत्र्याच्या नंबरावरून बोट फिरवत. सातला थांबल्या. पलंगाशी स्टुलावर एक आजी बसली होती. पलंगावर तिचा नातू, चादरीखाली इवलासा उंचवटा.

"औषधखोलीतून आलेय, आजी. बाटली बघायची होती."

आजीने बाटली हातात दिली. ताईंनी ती डोळ्याशी नेली, लांब धरली, खिडकीकडे वळवली. नाण्याच्या आत नुसती काळी-पांढरी धूळ.

"आजी, जरा वाचून सांगता का? माझा चष्मा खाली राहिला."

अजूनही खोटं. इतक्या वर्षांची सवय जिभेवरून उतरत नव्हती.

"मला कुठलं वाचता येतंय, बाई," आजी म्हणाली. तिला त्याची ना लाज ना खंत. "शाळेचं तोंड नाही बघितलं. तुम्ही लोक लिहिता, सिस्टर वाचते, तसं आम्ही देतो. सगळं तुमच्यावरच."

ताईंनी बाटली खाली केली. "सकाळी दिलं का हे?"

"दिलं की. सकाळच्या सिस्टरने स्वतः पाजलं, दोन चमचे. आत्ता परत द्यायची वेळ होईल बघा." आजी पुढे झुकली आणि कौतुकाने कुजबुजली, "तेव्हापासून झोपलंय. किती दिवसांनी असं शांत झोपलंय माझं बाळ. हलवलं तरी उठत नाही. देव तुमचं भलं करो."

दोन चमचे.

अजूनही एक वाट होती. "ही बाटली बदलून आणते," एवढंच म्हणायचं आणि खाली जायचं. दुपारचा डोस चुकला असता, नवं लेबल लागलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. ताईंनी बाटली मुठीत धरली, दाराकडे एक पाऊल टाकलंही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण टाकलं. मग त्यांनी दुसरा हात चादरीवर ठेवला. चादर खाली-वर होत होती, पण फार वेळाने.

"सिस्टर!" त्या ओरडल्या. इतक्या मोठ्याने की दोन-तीन मुलं दचकून रडायला लागली. "सिस्टर, इकडे या! हे वाचा. मोठ्याने वाचा. मला दिसत नाही!"

सिस्टर धावत आली. तिने बाटली उजेडात धरली आणि पुकारा करावा तसं वाचलं. मोठ्यांचा वॉर्ड. बेड सात. एका म्हाताऱ्याचं नाव. दोन चमचे, दिवसातून तीनदा. तिसऱ्या शब्दालाच तिचा आवाज बदलला होता.

मग नुसती धावपळ. डॉक्टर आले, पडदे सरकले, कुणीतरी ताईंना खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं. ऑक्सिजनची नळी, सुई, पोराच्या गालावर चापट्या, त्याच्या नावाने हाका. ताईंना यातलं फक्त ऐकू येत होतं. त्यांच्या नाण्यात मावलं ते एवढंच, चादरीतून बाहेर आलेलं एक पाऊल. ताई त्या पावलाला धरून उभ्या होत्या, नजरेनेच. मान जरा जरी हलली तर ते हरवेल म्हणून मान हलवत नव्हत्या.

साहेब धापा टाकत वर आले. "दिसत नाही म्हणजे काय? कधीपासून?"

"टेकडीवालीपासून," ताई म्हणाल्या.

"काय?"

"टेकडीचं चित्र होतं बघा कॉम्प्युटरवर. तेव्हापासून."

आपण सभेत या बाईच्या पुकाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या त्या कशाला, हे आता साहेबांच्या लक्षात येत असावं. ताईंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांना तो बघायचाही नव्हता. ती खुर्ची, तो कपड्यांचा ढीग, "त्यांना चहा दिला का", सगळं उद्यापासून येणार होतं आणि त्याची भीती या घटकेला कुठे शोधूनही सापडत नव्हती. सगळी भीती त्या पावलात जाऊन बसली होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पावलाचा अंगठा हलला. मग पाऊल आत ओढलं गेलं, आणि नाणं रिकामं झालं. ताईंना वाटलं, संपलं. तेवढ्यात रडणं ऐकू आलं, आधी मांजरीसारखं बारीक, मग चांगलं खणखणीत, रागावलेलं.

"रडू दे," डॉक्टर म्हणाले. "झोपू द्यायचं नाही. बोलत राहा त्याच्याशी."

भिंतीला टेकून ताई खाली बसल्या. पोराला कडेवर घेऊन कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. रडणं जवळ आलं म्हणून कळलं, आजी आहे. आता ही काय म्हणेल ते मुकाट्याने ऐकायचं, असं ठरवून त्यांनी मान खाली घातली. आजी ओरडली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं म्हणून ती विचारत होती.

"मला वाचता येत नाही, हे तुम्ही विचारलं तसं लगेच सांगितलं मी. तुम्हाला सांगायला काय झालं होतं, बाई?"

"भीती वाटत होती," ताई म्हणाल्या.

आजी पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "ती मलाही वाटत होती. मी म्हटलं, उठत कसं नाही हे. पण बाटलीवर तुमचं लेबल होतं ना, म्हणून गप्प बसले."